नावाजलेली परमिट रूम : रचना, आहार आणि शिष्टाचार

परमिट रूम म्हणजे जिथे माणसे जेवायला म्हणून जातात आणि जेवण सोडून बाकीचे सगळे आधी उरकतात, ती जागा. तिचे साधी आणि नावाजलेली असे दोन प्रकार आहेत. साध्या जागेतून माणूस पिऊन घरी जेवायला जातो. नावाजलेल्या जागेत तो पितो, तिथेच पोटभर जेवतो आणि घरी जाऊन पुन्हा एकदा जेवतो. कारण बाहेर जेवल्याचे घरी सांगण्यातले धोके अजीर्णापेक्षा मोठे असतात. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले नातेपुते हे या दुसऱ्या प्रकाराच्या अभ्यासाला सोयीचे गाव आहे.

उत्तम जेवण देणारा पब ही कल्पना आपली, असा इंग्रजांचा समज आहे. लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर १९९१ साली डेव्हिड आयर आणि मायकेल बेल्बन यांनी ‘द ईगल’ नावाचा पब चालवायला घेतला आणि बिअरबरोबर धड जेवण द्यायला सुरुवात केली. त्यातून गॅस्ट्रोपब नावाचा प्रकार निघाला. पुढे मार्लो गावच्या ‘हँड अँड फ्लॉवर्स’ला टॉम केरिज यांच्या हातच्या जेवणामुळे मिशेलिनचे दोन तारे मिळाले, हा मान मिळवणारा तो पहिला पब. महाराष्ट्रात पिण्याच्या जागी चांगले जेवण मिळते याचे कौतुक कुणी केले नाही, कारण ते नसेल तर तिथे जायचे कशाला, हा प्रश्न आधीपासूनच होता. सगळ्या परमिट रूममधली दारू एकच असते: त्याच कारखान्यात भरलेली, त्याच बुचाची. मालकाला तिच्यात स्वतःचे काही घालता येत नाही, आणि घातलेच तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे साहेब येतात. त्याच्या हातात उरतो तो रस्सा. म्हणून परमिट रूमचे नाव होते ते रश्श्यावर आणि बुडते तेही रश्श्यावर.

कायद्यानेही स्वयंपाकघराचीच बाजू घेतली आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. १९५०पासून सगळ्या मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली, १९६०च्या दशकात ती सैल पडली, पण कायदा कुणी रद्द केला नाही. त्यामुळे महाराष्ट्रात दारू पिणे आजही तत्त्वतः बंद आहे आणि परवाना असलेल्यांपुरते चालू आहे. हा परवाना एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. विदेशी दारूसाठी एका दिवसाचे पाच रुपये, वर्षाचे शंभर आणि आजन्म हजार असा त्याचा दर राहिला आहे. ज्याला स्वतःच्या चिकाटीची खात्री आहे त्याला आजन्म परवाना स्वस्त पडतो. परवाना देण्याचे कायदेशीर कारण प्रकृतीची जपणूक असे असते, आणि ज्या जागी बसून ती जपायची तिला खाद्यगृहाचाही परवाना लागतो. नुसता बाक टाकून बाटल्या विकणाऱ्याला परमिट रूम मिळत नाही. थोडक्यात, ‘आम्ही जेवायलाच गेलो होतो’ या विधानाला सरकारचे पाठबळ आहे.

नातेपुत्याचे भौगोलिक स्थान या व्यवसायाला अनुकूल आहे. फलटणहून माळशिरसमार्गे पंढरपूरला जाणारा रस्ता गावावरून जातो. तो आता राष्ट्रीय महामार्ग असून पालखी मार्ग म्हणून रुंद झाला आहे. गावाच्या नैऋत्येला शिखर शिंगणापूरचा डोंगर आणि त्यापलीकडे माणदेशाचा कोरडा माळ, तिथे मेंढरे. उत्तरेला नीरा उजव्या कालव्याचे पाणी, तिथे ऊस. मटण एका बाजूने येते आणि क्वार्टर दुसऱ्या बाजूने. यातला क्वार्टरचा भाग लाक्षणिक नाही. ऊस कारखान्यात जातो, साखर निघाल्यावर मळी उरते, मळीपासून डिस्टिलरीत मद्यार्क होतो, आणि त्याच मद्यार्कावर देशात बरीच स्वस्त व्हिस्की बनते. युरोपीय संघाच्या नियमात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणायला मनाई आहे. तिथे धान्याचीच लागते. माळशिरस तालुक्यात असा पंक्तिप्रपंच नाही. युरोपातली मोठी हॉटेले आपला माल आसपासच्या शेतांतून येतो असे मेनूवर अभिमानाने छापतात. इथे गिऱ्हाईक स्वतः ऊस घालतो, कारखान्याच्या बिलाची वाट बघतो आणि बिल झाले की स्कॉटलंडच्या सरदारासारख्या नावाच्या बाटलीतून आपलाच ऊस परत घेतो. शेत ते ताट हे अंतर याहून कमी होणे अवघड आहे.

या व्यवसायावरचे मोठे संकट दिल्लीहून आले. डिसेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला. वीस हजारांपर्यंत लोकवस्ती असलेल्या गावांसाठी हे अंतर पुढे २२० मीटर झाले. १ एप्रिल २०१७पासून देशभर फिती लावून मोजणी सुरू झाली. काही राज्यांनी हॉटेल हलवण्यापेक्षा रस्ताच महामार्गांच्या यादीतून काढून टाकणे सोपे मानले. केरळात उत्तर परावूर इथल्या एका बारने जागा न सोडता दारापुढे भिंतींची नागमोडी वाट बांधली आणि चालण्याचे अंतर वाढवून घेतले. जाताना सगळे सुखरूप पोचत. परत येताना किती जण त्या भिंतींत अडकले याची मोजणी झाली नाही. त्याच वर्षी जुलैत न्यायालयाने नगरपालिकांच्या हद्दीतल्या दुकानांना मोकळीक दिली. तेव्हापासून शहरीकरणाचे फायदे खेड्यांतल्या लोकांना नव्याने पटू लागले.

नावाजलेल्या परमिट रूमची ओळख पाटीपासून होते. पाटीवर ‘गार्डन’, ‘फॅमिली’ आणि ‘परमिट रूम’ हे तीन शब्द असतात आणि ते तीन वेगळ्या समाजांसाठी असतात. गार्डन म्हणजे हिरवळीचा तुकडा, त्याभोवती गोल झोपड्या आणि मधोमध बंद पडलेले कारंजे. फॅमिली म्हणजे पडदा असलेला भाग. तिथे मुले पनीर मागतात आणि वडील पडद्याच्या फटीतून परमिट रूमकडे बघतात. परमिट रूम आत असते. तिथला उजेड असा ठेवलेला असतो की ताटातले दिसावे, पण शेजारच्या टेबलावरचा माणूस ओळखू येऊ नये. गल्ल्यामागे विठ्ठलाची तसबीर असते आणि तिचे तोंड फॅमिलीच्या बाजूला असते.

तीन दालनांची ही रचना वास्तुशास्त्रापेक्षा भाऊबंदकीवर आधारलेली आहे. गावात प्रत्येकाला चुलता असतो, आणि तो कधी ना कधी त्याच हॉटेलात बसलेला असतो. दारात गाडी लागली की वाढपी पुढे येऊन हळूच सांगतो, “दादा, आबा आत हायती. तुम्ही मागनं झोपडीत बसा.” पुतण्या झोपडीत बसतो. थोड्या वेळाने तोच वाढपी आबांना सांगतो, “आबा, दादा बाहेर हायती. अजून अर्धा तास थांबा.” दोघांनाही दोघांचे असणे माहीत असते, आणि न भेटणे हीच मर्यादा असते. लंडनच्या वाढप्याला शंभर वाइनांची नावे पाठ असावी लागतात. नातेपुत्याच्या वाढप्याला पंचक्रोशीची वंशावळ पाठ असावी लागते. वयाची चौकशीही तो याच ज्ञानावर करतो. कायद्याने बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षे पुरी लागतात. आधार कार्ड बघण्याऐवजी तो विचारतो, “कुणाचा रं तू?” उत्तरावरून वय, गाव आणि उधारीची ऐपत या तिन्ही गोष्टी एकदम कळतात.

गिऱ्हाइकांचे मुख्य वर्ग असे. पहिला ऊस बागायतदारांचा. हा बिल जमा झाल्याच्या आठवड्यात येतो आणि टेबले जोडून बसतो. दुसरा प्रवाशांचा, हा घाईत असतो आणि दोन तास बसतो. तिसरा कार्यकर्त्यांचा, हा स्वतःच्या पैशाने क्वचितच दिसतो. चौथा आणि सर्वांत मौल्यवान वर्ग माळकऱ्यांचा. गळ्यात तुळशीची माळ असल्याने माळकरी दारूला शिवत नाही आणि मटणालाही शिवत नाही, तरी प्रत्येक टोळक्यात तो एक असतोच. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क सापडला की चालक गुन्हेगार ठरतो, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड होऊ शकतो. त्यामुळे माळकऱ्याचा भाव वाढला आहे. तो कोपऱ्यात अख्खा मसूर किंवा शेवभाजी खातो, मित्रांचे तत्त्वज्ञान ऐकतो आणि शेवटी सगळ्यांना गाडीत भरून नेतो. वारकरी संप्रदायाचे रस्तासुरक्षेतले हे योगदान दुर्लक्षित आहे.

पिण्याची मापे शाळेतल्या अंकगणितापेक्षा वेगळी आहेत. क्वार्टर म्हणजे पाव बाटली. तिच्यात १८० मिलिलिटर असतात. चार क्वार्टर मिळून ७२० होतात. पण खंबा, म्हणजे पूर्ण बाटली, ७५० मिलिलिटरचा असतो. हे तीस मिलिलिटर कुठे गेले यावर प्रत्येक टेबलावर चर्चा होते आणि चर्चेअखेर खंबाच मागवणे किफायतीचे ठरते. बचतीचे इतके ठोस गणित मांडूनही टेबलावरचा एकूण खर्च कमी झाल्याचे आढळत नाही.

पहिल्या पेल्याबरोबर चकना येतो. खारे शेंगदाणे, फुटाणे, काकडीच्या चकत्या असा तो असतो आणि बिलात दिसत नाही. फुकट असल्यामुळे त्याच्याबद्दल सर्वांत जास्त तक्रारी होतात. हजाराची हंडी खारट झाली तर गिऱ्हाईक पाणी पिऊन गप्प बसते. दाणे मऊ निघाले तर मालकाला बोलावणे जाते. जाणकार मालक दाणे ताजे ठेवतो आणि मीठ सढळ घालतो. तहानेचे अर्थशास्त्र त्याला कुणी शिकवलेले नसते.

मेनूकार्ड हा वाङ्मयाचा स्वतंत्र प्रकार आहे. प्लॅस्टिकच्या वेष्टणातल्या त्या जाड पुस्तकात चायनीज, पंजाबी, तंदूर आणि कॉन्टिनेंटल अशी प्रकरणे असतात. ते वाचायचे नसते. फॅमिलीतल्या मुलांना चाळायला द्यायचे असते. खरा मेनू तोंडी असतो. “काय हाय?” असे विचारल्यावर वाढपी एका श्वासात सांगतो : मटण सुक्कं, मटण हंडी, खिमा, वजरी, गावरान कोंबडी, अळणी. यातले काय चांगले असे विचारू नये. सगळेच चांगले असते. ‘आज काय संपवायचं आहे’ हा प्रश्न मनात ठेवून, तो ज्या पदार्थाचे नाव दोनदा घेतो तो टाळणे, एवढीच खबरदारी अनुभवी मंडळी घेतात.

जेवणाचा क्रम ठरलेला आहे. आधी अळणी, म्हणजे तिखट न घालता शिजवलेल्या मटणाचे पाणी. ते वाटीतून प्यायचे. परदेशात यालाच सूप म्हणून वेगळे पैसे लावतात. इथे ते मागेल तितके मिळते आणि दारूचा उतारा म्हणून, सर्दीचे औषध म्हणून व काही न सुचल्यास तिसऱ्यांदा म्हणून पितात. मग सुक्कं, मग रस्सा. रस्सा लाल किंवा काळा असतो आणि त्याची परीक्षा तर्रीवरून होते. वर तेलाचा थर दिसला नाही तर ‘आजाऱ्याचं जेवण’ असा शेरा मिळतो. मटण बोकडाचे की मेंढीचे हा श्रद्धेचा विषय आहे. पुणे-सातारा भागातली काही घराणी फक्त बोल्हाईचे, म्हणजे मेंढीचे मटण खातात. रस्त्यावरून जाणाऱ्यांना आत येण्याआधीच कळावे म्हणून काही हॉटेले ते पाटीवर लिहितात. भाकरी ज्वारीची. जिल्ह्याची मालदांडी प्रसिद्ध आहे आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तव्यावरून थेट ताटात येणारी ही भाकरी मोजायची नसते, असे गिऱ्हाईक मानते; मालक मोजतो. सोबत कांदा, लिंबू, शेंगांची चटणी आणि मिरचीचा खर्डा. खर्डा किती खाल्ला यावर पुरुषार्थ ठरतो. ठरवणारे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी हजर नसतात.

सगळ्यात नाजूक टप्पा रात्री उशिरा येतो. अडीच तास चकन्यावर आणि सुक्क्यावर काढल्यावर वाढपी येऊन सांगतो, “शेठ, जेवण सांगून टाका, भटारखाना बंद होतोय.” या क्षणी सगळ्या टेबलाला आपण जेवायला आलो होतो हे आठवते. मग पाच माणसांत दोन फुल हंड्या आणि वीस भाकरी मागवल्या जातात. त्यातली बरीच भाकरी पार्सल होऊन माळकऱ्याच्या गाडीतून घरोघर जाते आणि ‘तुझ्यासाठी मुद्दाम आणली’ या शब्दांत पत्नीच्या हाती पडते.

आता दर्जा ठरवण्याच्या पद्धतीकडे. मिशेलिन ही फ्रान्सची टायर कंपनी. मोटारी जास्त फिराव्यात आणि टायर झिजावेत या शुद्ध हेतूने तिने १९००मध्ये प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली आणि १९२६पासून चांगल्या हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात केली. एक तारा म्हणजे उत्तम जेवण, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावे असे, तीन म्हणजे मुद्दाम त्यासाठीच प्रवास करावा असे. नातेपुत्याला हे तारे पोचलेले नाहीत, पण टायरवाल्याने जेवणाची शिफारस करायची ही मूळ परंपरा तिथे जास्त शुद्ध रूपात टिकली आहे. ट्रकचे चाक बसले की ड्रायव्हर पंक्चरवाल्यालाच विचारतो, “जेवायला कुठं बरं हाय?” पंक्चरवाला तारे देत नाही, हातातल्या पान्याने दिशा दाखवतो.

बाकीचे लोक हॉटेलपुढच्या नंबरप्लेटा वाचतात. एमएच ४५, म्हणजे अकलूजची पाटी, एवढीच असेल तर जागा बरी. एमएच ११ आणि ४२, म्हणजे सातारा आणि बारामती, दिसू लागल्या तर वाट वाकडी होऊ लागली असे समजावे. एमएच १२ दिसली की पुण्याची माणसे आली. म्हणजे नाव झाले आणि लवकरच दर वाढणार. मिशेलिनचे परीक्षक ओळख लपवून येतात. इथे ओळख लपवून येणे शक्य नसल्याने परीक्षण उघडपणे, मोठ्या आवाजात आणि मालकाच्या खांद्यावर हात ठेवून होते.

या व्यवसायाची दिनदर्शिका पंचांगावर चालते. श्रावणात मटण मंदावते आणि पनीरला बरे दिवस येतात. निवडणुकीत मतदान संपेपर्यंतचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस कोरडे असतात. त्याआधीचे पंधरा दिवस ही भरपाई करून देतात. नातेपुत्याची नगरपंचायत झाली आणि डिसेंबर २०२१मध्ये तिची निवडणूक लागली, तेव्हा एक ग्रामपंचायत गेली तरी बसण्याची निमित्ते कमी होणार नाहीत याची खात्री पटली. आषाढात तर ज्ञानेश्वर माउलींची पालखी बरडहून धर्मपुरीमार्गे नातेपुत्यात मुक्कामाला येते. तेव्हा दारू बंद, मटण बंद. हंड्या तीनदा घासून निघतात आणि त्यांत पिठले शिजते. सदैव ‘क्वार्टर कुठली?’ असे विचारणारा वाढपी वारकऱ्यांना “माउली, अजून भाकरी?” असे विचारत पंगतीतून फिरतो आणि त्या दिवशी कुणालाही भाकरी मोजावी लागत नाही. पालखी पुरंदवड्याच्या रिंगणाकडे आणि पुढे माळशिरसला गेली तरी आषाढी एकादशीला राज्यभर पुन्हा कोरडा दिवस असतो.

शेवटचा विधी बिलाचा. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो आणि जेवणावर जीएसटी. त्यामुळे एकाच पोटात गेलेल्या मालाचा हिशेब दोन सरकारी पद्धतींनी होतो. तो तपासण्याच्या अवस्थेत टेबलावर माळकऱ्याशिवाय कुणी नसते. मग गल्ल्यापुढे भांडण लागते. “मालक, ह्यांचं घेऊ नका!” असे दोघे एकदम ओरडतात आणि खिशात हात घालतात. ज्याचा हात आधी बाहेर येतो तो नवखा. मुरलेल्या माणसाचा हात बिल भागेपर्यंत खिशातच अडकून राहतो. दरम्यान आबांनी जाता जाता पुतण्याच्या झोपडीचे बिल भरलेले असते, आणि याबद्दल दोघेही आयुष्यात कधी बोलत नाहीत.

नाव टिकण्याचा काळ मर्यादित असतो. आचारी पगारावरून भांडून समोरच्या हॉटेलात गेला की रश्श्याची चव त्याच्याबरोबर रस्ता ओलांडते, आणि पंधरा दिवसांत पंक्चरवाल्याच्या पान्याची दिशा बदलते. पण कित्येकदा आचारी तोच, मसाला तोच, बकरेही त्याच कळपातले असते, तरीही ‘आता पहिल्यासारखं राहिलं नाही’ हा निकाल लागतो. हे वाक्य प्रत्येक नावाजलेल्या परमिट रूमबद्दल ऐकू येते आणि ते साधारणतः तिथेच, दुसरी हंडी मागवताना उच्चारले जाते. ज्या जागेबद्दल ते अजून कुणी म्हणत नाही, ती नावाजलेली नाही असे खुशाल समजावे.